अकरा दिवस आधी मागे घेतलेली मुलाखत

प्रयोगाला ११ दिवस उरले होते. रात्री विद्यार्थिनीचा फोन आला. "मॅडम, तिसरा भाग करता येणार नाही. परवानगी काढून घेतली." मी विचारलं, "लेखी?" पहिला प्रश्न हाच सुचला याची आजही थोडी लाज वाटते.

हे प्रकरण समकालीन रंगभूमी आणि प्रयोगनिर्मिती या विषयाच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातलं आहे. शेवटच्या सत्रात विद्यार्थ्याने एक प्रयोग उभा करायचा आणि त्याच प्रक्रियेवर प्रबंध लिहायचा, असा नियम. निम्मे गुण प्रयोगाला, निम्मे प्रबंध आणि मौखिक परीक्षा मिळून. प्रयोग किमान ४५ मिनिटांचा हवा. मी मार्गदर्शक होते. गट चौघांचा: दिग्दर्शन करणारी ही विद्यार्थिनी, जिचं मूल्यमापन व्हायचं होतं, एक अभिनेत्री, एक अभिनेता आणि ध्वनी-प्रकाश सांभाळणारा एक मुलगा.

विषय होता रात्रपाळी. विद्यार्थिनीने चार जणांच्या मुलाखती घेतल्या, ९ तासांचं ध्वनिमुद्रण जमलं, त्यातून ५२ मिनिटांचा प्रयोग घडला. पहिला भाग एका पहारेकऱ्याचा, दुसरा छापखान्यातल्या कामगाराचा, चौथा रुग्णवाहिकेच्या चालकाचा. तिसऱ्या भागातली व्यक्ती कोण, काय काम करायची आणि काय बोलली, ते इथे येणार नाही. 'व्यक्ती' हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहे ही मोठी सोय झाली. त्यावरून कुणी काही ताडू नये.

हेडफोनचं तंत्र

अडचण नेमकी कुठे होती हे कळायला प्रयोगाची रीत समजून घ्यावी लागेल. लोकांच्या खऱ्या बोलण्यातून नाटक रचण्याला इंग्रजीत जे 'व्हर्बेटिम' नाव आहे ते डेरेक पेजेट या अभ्यासकाच्या १९८७ च्या लेखामुळे रुळलं. यातही प्रकार आहेत. मुलाखती कागदावर उतरवून त्यांची संहिता करता येते. मोइसेस कॉफमनच्या न्यूयॉर्कमधल्या नाट्यसंस्थेने हेच केलं होतं. १९९८ साली मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याच्या खुनानंतर ही मंडळी अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या लॅरमी गावात पुन्हा पुन्हा गेली, दोनशेच्या वर मुलाखती घेतल्या आणि २००० साली त्यांचं नाटक मंचावर आलं. दुसऱ्या प्रकारात कागदच मध्ये येत नाही. ॲना डेव्हियर स्मिथ ही अमेरिकन अभिनेत्री मुलाखतींच्या टेप ऐकून ऐकून माणसांची बोलण्याची ढब अंगात मुरवते आणि सगळ्या भूमिका एकटी करते. लंडनमध्ये ॲलेकी ब्लाइदने २००३ साली सुरू केलेल्या 'रेकॉर्डेड डिलिव्हरी' या संस्थेने त्याहीपुढे जाऊन प्रयोग चालू असतानाच नटांच्या कानात हेडफोन ठेवले. मूळ आवाज कानात चालू असतो आणि नट त्याच्या अर्धा क्षण मागे राहून तेच बोलतो. खोकला, अडखळणं, अर्ध्यात सोडलेलं वाक्य, मध्येच घेतलेला श्वास, सगळं जसंच्या तसं. काही पाठ करायचं नसतं, 'अभिनय' तर मुळीच करायचा नसतो.

आमच्या विद्यार्थिनीने ही दुसरी वाट धरली होती. मला स्वतःला हे तंत्र थोडं चलाख वाटतं. त्यात नटाचा प्रामाणिकपणा फुकटात सिद्ध होतो. पण तिने ते निगुतीने केलं होतं हे कबूल करायला हवं. तीन महिन्यांच्या तालमींनंतर अभिनेत्रीला तिसऱ्या भागात बघताना मंचावर दोन माणसं आहेत असं वाटायचं.

याच्या उलट रीतही आहे. 'रिमिनी प्रोटोकोल' ही जर्मन मंडळी नटांऐवजी त्या त्या माणसालाच मंचावर आणतात आणि त्याला रोजच्या जगण्यातला तज्ज्ञ म्हणतात. या संस्थेचे तिन्ही संस्थापक गीसेन विद्यापीठात शिकलेले. नाट्यविषयाचा सिद्धान्त आणि प्रत्यक्ष निर्मिती एकाच छपराखाली शिकवायची म्हणून १९८२ साली आंद्झेय विर्थने तिथे जो विभाग काढला, आमच्यासारख्या अभ्यासक्रमांचं कूळ बरंचसं तिथे जातं. रिमिनीच्या रीतीत माणसाने माघार घेतली तर तो येत नाही, बस. आमच्या रीतीत माणूस माघार घेतो आणि त्याचा श्वास दुसऱ्याच्या छातीत राहून जातो.

बारा दिवस आधी काय झालं

फोनच्या आदल्या दिवशी पूर्ण प्रयोगाची सलग तालीम होती. मुलाखत दिलेल्या चौघांनाही बोलावलं होतं. दोघे आले, त्यांत ही तिसरी व्यक्ती. तालमीनंतर आम्ही चर्चेला गोल बसलो. चर्चा लिझ लेरमन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमारास बसवलेल्या चार पायऱ्यांच्या पद्धतीने झाली. आधी बघणाऱ्यांनी काय भिडलं ते सांगायचं, मग कलाकाराने प्रश्न विचारायचे, मग बघणाऱ्यांनी मत न मिसळता प्रश्न विचारायचे, आणि मत द्यायचंच असेल तर शेवटी, तेही कलाकाराची परवानगी मागून. ही पद्धत मला फार आवडते. कच्च्या कामावर कुणी तुटून पडत नाही.

त्या दिवशी चाळीस मिनिटं आम्ही विद्यार्थिनीच्या परवानगीने बोलत होतो. सहाध्यायी तिसऱ्या भागाबद्दल भरभरून बोलले, एकाने तर ती ढब पुन्हा करून दाखवली. आणि जिची ती ढब होती ती व्यक्ती त्याच वर्तुळात बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. मी तर वेळ बघत होते.

दुसऱ्या दिवशी तिने विद्यार्थिनीला भेटायला बोलावलं. चूक काहीच काढली नाही. एवढंच म्हणाली, "हे सगळं माझंच आहे. पण ते मी तुला सांगितलं होतं, यांना नाही."

संमतीपत्रात कलम स्पष्ट होतं: प्रयोगाच्या दिवसापर्यंत कधीही, कारण न देता माघार घेता येईल. विभागाच्या ठरावीक नमुन्यातलं ते वाक्य. कितीतरी वर्षं आम्ही ते छापत होतो आणि एकदाही कुणी वापरलं नव्हतं. विद्यार्थिनीने मला फोनवरच विचारलं, "कारण न देता म्हणजे आपण कारण विचारायचंही नाही ना?" मी म्हटलं, नाही विचारायचं. अभिनेत्याची सूचना होती की आपण सगळे मिळून एकदा जाऊन भेटू, समजावून सांगू. त्याला मी साफ मनाई केली. या सगळ्या प्रकरणात पहिल्याच झटक्यात मी बरोबर वागले ती एवढी एकच गोष्ट.

नाव, कामाचं ठिकाण, तपशील बदलून भाग ठेवायचा, हाही पर्याय पाच मिनिटं चर्चेत होता. पण ज्या तंत्राचा सगळा जीवच हुबेहूबपणात आहे तिथे वेष बदलून कुणाला फसवणार? आवाज तोच राहिला असता.

अंधाराचा मोह

मग विद्यार्थिनीला एक कल्पना सुचली आणि ती मला आवडली. हे मुद्दाम लिहितेय, कारण नंतर विभागात ही कल्पना फक्त तिचीच होती असं बोललं गेलं.

तिसऱ्या भागाच्या जागी १४ मिनिटं पूर्ण अंधार. सुरुवातीला एकच वाक्य: इथे एक रात्र होती, ती सांगणाऱ्याने ती परत घेतली आहे. मग शांतता. प्रेक्षकांनी रिकाम्या वेळेत बसून राहायचं. समकालीन रंगभूमी शिकलेल्या कुणालाही हे वाचून टाळी द्यावीशी वाटेल. अनुपस्थिती आम्हाला फार प्रिय. जॉन केजचं १९५२ चं शांततेचं संगीत, ज्यात वादक एकही सूर वाजवत नाही, ते पहिल्या सत्रातच शिकवतो. आणि विद्यार्थिनीने तर चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गचा दाखला आणला: १९५३ साली त्याने विलेम द कूनिंग या नामवंत चित्रकाराचं एक रेखाचित्र खोडून काढलं आणि तो खोडलेला कागदच कलाकृती म्हणून चौकटीत घातला. तिच्या प्रबंधाचा तिसरा अध्याय या मुद्द्यावर नव्याने उभा राहिला असता. मी म्हटलं, "करून बघ."

दोन दिवस त्यांनी तसं करून बघितलं. आणि तो अंधार जबरदस्त होता. दुर्दैवाने.

प्रकाशाच्या टेबलावर बसलेल्या मुलाने तिसऱ्या दिवशी मान वर न करता म्हटलं, "मॅडम, चौदा मिनिटं अंधार केला तर सगळे तिचाच विचार करत बसतील. तिला तर तेच नको होतं."

त्याने हे वादासाठी म्हटलं नव्हतं, तो कुठलीशी वायर गुंडाळत होता. पण त्यानंतर कुणालाच काही बोलता येईना. भोकाला कडा असते. जाहिरातीच्या कागदावर प्रयोगाच्या नावात 'चार' हा आकडा छापला होता. मुलाखत दिलेले बाकीचे तिघे एकमेकांना ओळखत होते. सलग तालीम बघितलेल्या वीसेक जणांना त्या अंधारात काय होतं हे शब्द न् शब्द ठाऊक होतं. शिवाय तिने नकार दिला ही गोष्टही तिचीच होती. ती आम्ही तिला न विचारता मंचावर मांडायला निघालो होतो, आणि मूळ भागापेक्षा जास्त परिणामकारक करून.

राउशेनबर्गचा दाखलाही मग नीट तपासला. तो द कूनिंगकडे स्वतः गेला होता आणि चित्र कशासाठी हवंय ते सांगून त्याने ते मागितलं होतं. द कूनिंगला कल्पना आवडली नव्हती, तरी त्याने चित्र दिलं, आणि मुद्दाम खोडायला कठीण असं निवडून दिलं. म्हणजे तिथे खोडण्यालाही संमती होती. आम्ही वर्गात हा किस्सा कितीदा सांगितला असेल, पण सगळा भर खोडण्यावर. दारात जाऊन मागण्यावर कधी थांबलो नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरलं: भाग काढायचा, जागा बुजवायची, उल्लेख कुठेच नाही. नावातून 'चार' काढायचं. ५२ तून १४ गेले, राहिली ३८ मिनिटं.

पुसायचं कुठून कुठून

माघार मान्य करणं सोपं होतं, ती अमलात आणायला पूर्ण एक दिवस लागला. ध्वनिमुद्रण यंत्रातलं कार्ड, दोन लॅपटॉप, संपादित ट्रॅक, हेडफोनला जोडायचे छोटे प्लेअर, क्लाउडवरच्या प्रती, उतरवून घेतलेले कागद, तालमींचे व्हिडिओ, गटाच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या दोन क्लिपा. कुणीतरी कौतुकाने आईला पाठवलेली आणखी एक क्लिप दुपारी उघडकीस आली. दिग्दर्शनाच्या वहीत समासात तिची वाक्यं होती. प्रकाशाच्या क्यूंच्या, म्हणजे दिवे कधी बदलायचे त्या खुणांच्या, यादीत तर त्या भागातला प्रत्येक क्यू तिच्या शब्दावर बांधलेला, अमुक शब्दाला डावा दिवा मंद, अमुक श्वासानंतर पूर्ण काळोख. ते सगळं काढलं.

उरली अभिनेत्री.

डायना टेलर या अभ्यासिकेने २००३ साली एक फरक मांडला, तो आम्ही शिकवतो: कागद, चित्रफीत, हाडं अशा टिकणाऱ्या वस्तूंत साठलेली स्मृती वेगळी आणि बोलणं, हालचाल, गाणं अशा देहाने पुन्हा पुन्हा करण्यातून वाहणारी स्मृती वेगळी. परीक्षेत यावर मुलं छान लिहितात. त्या आठवड्यात आम्ही ते तालमीच्या खोलीत बघितलं. फायली गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याचा भाग करताना अभिनेत्रीने एका शब्दाआधी थांबून तोंडाने छोटा श्वास घेतला. पहारेकऱ्याच्या ध्वनिमुद्रणात तो श्वास नाही. अभिनेता चटकन म्हणाला, "हे त्याचं नाही." अभिनेत्री रडकुंडीला आली. तिला स्वतःला कळतच नव्हतं ती कधी घेते ते. तीन महिने रोज कानातून आत गेलेली लय, ती काय बटण दाबून जाणार होती?

पुढचे तीन दिवस याच्यावरच गेले. आधी पहारेकऱ्याचं ध्वनिमुद्रण अर्ध्या वेगाने लावून ती फक्त श्वास मोजत बसली, शब्द न बोलता. थोडा फरक पडला. मग भूमिका बदलल्या: पहारेकरी अभिनेत्याकडे गेला आणि छापखान्याचा कामगार तिच्याकडे आला. तो माणूस घाईने, धाप लागल्यासारखा बोलतो, थांबायला जागाच देत नाही. तिथे ती सवय शिरायला फट मिळेना. सवय गेली असं मी म्हणणार नाही. तिला बाहेर यायला दार ठेवलं नाही, एवढंच.

४५ मिनिटांच्या अटीतून सूट मिळावी म्हणून विभागाला पत्र दिलं. उत्तर आलं: प्रयोग ३८ मिनिटांचा चालेल, पण मूल्यमापन प्रयोग जसा दिसेल तसंच होईल, कमी वेळेचं कारण परीक्षकांना सांगितलं जाणार नाही. मला हे तेव्हा कठोर वाटलं. कारण सांगणं म्हणजे पुन्हा उल्लेखच झाला असता, हे पत्र लिहिणाऱ्यांच्या मनात होतं की त्यांनी फक्त नियम वाचला, ते कळायला मार्ग नाही.

प्रयोग आणि मौखिक परीक्षा

प्रयोग आधीच्यापेक्षा कमकुवत झाला. हे सांगितलंच पाहिजे, कारण अशा गोष्टी सांगताना शेवटी काहीतरी जादू होऊन 'उलट प्रयोग आणखी उजळला' असं म्हणायची रीत आहे. तसं काही झालं नाही. दुसऱ्या भागाकडून चौथ्याकडे जाताना चढण तुटायची, कामगाराची भूमिका अभिनेत्रीसाठी नवीच आहे हे दिसत होतं. चालकाचा भाग चांगला गेला. प्रेक्षक नेटके टाळ्या वाजवून उठले. बहिस्थ परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं की मधल्या भागात रचना सैल वाटते. बरोबरच होतं.

मौखिक परीक्षेत खरी झटापट झाली. प्रबंधातला तिसरा अध्याय विद्यार्थिनीने आठ दिवसांत नव्याने लिहिला होता. त्यात तिसऱ्या व्यक्तीचा उल्लेख नव्हता. संमती कशाची घेतली जाते, हा प्रश्न होता. परीक्षकांनी विचारलं, "प्रयोगातून संशोधन म्हणता, मग प्रयोगातून सापडलं काय?" ती म्हणाली की तिच्या संमतीपत्रात 'मुलाखतीतील मजकूर' असा शब्द होता, पण या तंत्रात नट मजकूर घेतच नाही, तो आवाजाची चाल घेतो. मजकुराला दिलेली परवानगी तिने चालीसाठी वापरली. एखाद्याने आपलं म्हणणं छापायला होकार दिला म्हणून आपलं अडखळणं दुसऱ्याच्या तोंडी घालायला होकार दिला असं होत नाही. म्हणून हेडफोनच्या तंत्रात संमती कागदावर घेऊन भागत नाही, ती ऐकवून घ्यावी लागते.

परीक्षक गप्प बसणारे नव्हते. "याला पुरावा? तालमीची चित्रफीत आहे?" नव्हती. पुरावा म्हणजे नेमकं तेच जे पुसून टाकायचं होतं. प्रयोगाधारित संशोधनाची हीच तर मेख आहे. प्रक्रियेची नोंद ठेवा, नोंद म्हणजेच संशोधन, असं आम्ही पहिल्या दिवसापासून बजावतो. तिने आपली रोजनिशी पुढे केली. तिच्यात व्यक्तीबद्दलची पानं कापलेली होती, पण स्वतःच्या निर्णयांची पानं होती: अंधाराची कल्पना सुचल्याच्या रात्री झालेला आनंद, त्याची तारीख, दोन दिवसांनी त्याच आनंदाची वाटलेली शिसारी. परीक्षकांनी ती पानं बराच वेळ वाचली. पूर्ण समाधान झालं असं दिसलं नाही. प्रबंधाला प्रयोगापेक्षा चांगले गुण मिळाले, एकूण श्रेणी तिच्या अपेक्षेपेक्षा एक पायरी खाली राहिली.

त्यानंतर विभागातलं संमतीपत्र बदललं. आता ते तीनदा घेतलं जातं. एकदा ध्वनिमुद्रणाआधी. दुसऱ्यांदा निवडलेला भाग कोऱ्या, सपाट आवाजात वाचून दाखवल्यावर. आणि तिसऱ्यांदा नटाच्या तोंडून एकांतात ऐकवल्यावर, जेव्हा प्रयोगाला किमान सहा आठवडे असतात आणि चर्चेचं वर्तुळ बसलेलं नसतं. मुलं कुरकुरतात. वेळ जातो हे खरंच आहे, आणि तिसऱ्या टप्प्यावर नकार येण्याचं प्रमाण आमच्या अपेक्षेपेक्षा जास्त आहे. एका सहकाऱ्याचं म्हणणं की असं करत राहिलात तर या तंत्राने कुणी प्रयोगच करणार नाही. कदाचित करणार नाही.

हा लेख लिहिण्याआधी विद्यार्थिनीमार्फत तिसऱ्या व्यक्तीला विचारलं होतं. उत्तर आलं, झालं ते लिहा, माझ्याबद्दल नको. मसुदा पाठवला, त्यातली दोन वाक्यं तिने काढायला लावली, ती काढली. जे वाक्य वर तिच्या तोंडी आहे ते तिने राहू दिलं.

एक गोष्ट मात्र मला उशिरा दिसली. प्रबंधाच्या परिशिष्टात प्रकाशाच्या क्यूंची यादी जोडलेली आहे. क्यूंचे आकडे प्रकाशनियंत्रकाच्या स्मृतीत साठवलेले असतात, म्हणून मधले क्यू काढले तरी पुढचे आकडे सहसा कुणी बदलत नाही. आमच्या मुलानेही बदलले नव्हते. यादीत २२ नंतर थेट ३१ येतो. प्रत बांधून ग्रंथालयात जमा झाल्यावर ते माझ्या लक्षात आलं. त्याला विचारलं तर म्हणाला, "रद्द झालेले क्यू आहेत मॅडम, ते तसेच सोडतात."